कोकिळाबाईचं साल

साहेब, तुम्ही चौकशीला सदाशिवरावांच्या घरी आलात आणि आतल्या खोलीत गेला नाहीत. हा माझा तुमच्यावर पहिला आरोप. तसा पाहिला तर शेवटचाही. बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

ओट्यावर खुर्ची टाकली होती, तिच्यावर तुम्ही बसलात. माठातलं पाणी प्यालात, थंड आहे म्हणालात. तुमच्यापासून सात-आठ पावलांवर, एका भिंतीपलीकडे, जिच्यासाठी अर्ज होता ती बाई बाजेवर पडून होती आणि डाव्या हातातली बांगडी बाजेच्या लाकडावर आपटत होती. टक, टक, टक, टक. तुम्ही विचारलं, "आवाज कशाचा येतोय?" तुमचा कारकून म्हणाला, "काही नाही सर, आत काही काम चालू असेल."

काम चालूच होतं. माणूस बोलवायचं काम.

सदाशिवराव दोनदा उठले. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "बसा हो काका, आधी हे होऊ द्या." ते बसले. मग तुम्ही रकाने भरले आणि गेलात, आणि आठवड्याभरानं कागद आला: अर्जदार सधन शेतकरी असून सालदार ठेवतो, सबब अर्ज नामंजूर.

मी नानाजी. सदाशिवरावांची आणि माझी एक भिंत सामाईक आहे. सातवीपर्यंत शिकलो, नंतर जे शिकलो ते पुड्यांचे कागद वाचून. हे लिहायला मला कोणी सांगितलं नाही.

कापसाचे वाईट दिवस होते ते. जिल्ह्यात गावोगाव जीपा फिरत होत्या. ज्या घरातला माणूस गेला त्या घरापुढे जीप थांबायची, मोजमाप व्हायचं, फोटो निघायचे. आमच्या गल्लीत कोणी मेलं नाही, म्हणून जीप थांबली नाही. आमच्या गल्लीत एक बाई फक्त पडली.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुसरी वेचणी चालू होती. कोकिळाबाईची ओटी भरली होती. ती ओटी सोडायला वाकली ती वाकूनच राहिली. सगळा कापूस मातीत सांडला आणि ती त्याच्यावर कलली. सदाशिवरावांना वाटलं, भोवळ आली. चेहरा पाहिला तर तोंड एका बाजूला गेलेलं. दारव्ह्याला जीपनं, तिथून यवतमाळला. एकोणीस दिवसांनी परत आणली तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. डोळे मात्र पूर्वीचेच. सगळं समजायचं.

डॉक्टरनं सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील.

सदाशिवरावांचं वावर गावापासून पाऊण तासाच्या वाटेवर. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. दोन तासांतलं वावर उरलं अर्धा तास. तरी महिनाभर त्यांनी तसं केलं. गळ्यात दोरीला बांधलेलं अलारामचं घड्याळ, पायात फाटक्या चपला, आणि वाटेनं अर्धं पळत जाणारा साठीचा माणूस. पाटलाच्या ओट्यावर बसणारे विचारायचे, "काय सदाशिवराव, शाळेची घंटा झाली का?"

त्यांनी बाजेच्या मधल्या सुतळ्या कापून भोक केलं, खाली घमेलं ठेवलं. मळलेली लुगडी घेऊन नाल्यावर जायचे. तिथं बाया असायच्या. त्या उठून दुसऱ्या दगडावर जायच्या. एक दिवस एकीनं विचारलं, "भाऊजी, लुगड्याले कडक साबन लावा न, हळूच कायले घासता?" सगळ्या हसल्या. ते घासतच राहिले. पुढे पहाटे जायला लागले, कोणी नसताना.

पोरगा कपिल लोहाऱ्याला कारखान्यात कामाला आहे. बायको समीक्षा आणि लहान पोरगी, भाड्याची एक खोली. आईचं कळल्यावर दोघं आले. समीक्षानं पाच दिवस सासूचं सगळं केलं, नाक न मुरडता केलं. हे लिहून ठेवतो, कारण गावानं तिला नंतर नावं ठेवली. सहाव्या दिवशी कपिल म्हणाला, "बाबा, आईले यवतमाळले घेऊन जाऊ. तिथं एक संस्था हाये. सांभाळतात."

"कोन सांभाळते?"

"बाया असतात न. त्याईची ड्युटी असते."

"थ्या बायाले मालूम हाये का, तुह्या मायले डाव्या कुशीवरच झोप लागते? आन तोंड दाराकडं लागते?"

"सांगून देऊ आपन."

"ड्युटी बदलली का पुन्हा सांगू? रोज तीनदा सांगाले मी तिथं उभा राहू काय?"

समीक्षा चुलीजवळून म्हणाली, "मामाजी, मी राह्यली असती. पन मी बी पॅकिंगले जातो. माहा रोज गेला त खोलीचं भाडं जाते."

"तुले कोन काय म्हनलं, बेटा. तू जाय."

ते गेले. कोकिळाबाई दाराकडे तोंड करून एसटीच्या हॉर्नपर्यंत जागी होती.

पाठीला जखम झालीच. माघात.

लालीबाई आली ती वेचणीची मजुरी मागायला. तांड्यावरची बाई, नेमसिंगची बायको, चाळिशीची. हातात चांदीच्या जुन्या पाटल्या, डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ. ओट्यापाशी उभी राहिली तर आतून बांगडीचा आवाज. साहेब, ती न विचारता आत गेली. चपला दारात काढल्या आणि सरळ आत.

आतून ओरडली, "ओ मालक, इकडं या! किती दिसाची जखम हाये हे?"

"झाले आठ-धा दिस."

"बैलाच्या खांद्याले गळू झालं त त्याच्यावर जू टेकवता का तुम्ही?"

"नाई."

"मंग बायकोले कायले जखमेवर निजवलं?"

तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, त्यावर स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि जखमेच्या भोवती ती कडी येईल अशी कमरेखाली सरकवली. जखम अधांतरी राहिली. कोकिळाबाईनं दीड महिन्यात पहिल्यांदा लांब श्वास सोडला. मला भिंतीपलीकडे ऐकू आला.

"याडी," लालीबाई म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "याडी, उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सदाशिवराव मला घेऊन तांड्यावर गेले.

"नेमसिंग, तुह्या घरवालीले सालानं ठेवतो म्हनतो."

नेमसिंग बिडी विझवून हसला. "बाईमानूस सालानं? सालदार त मानूस असते. औत हाकाले. असं कधी झालं नाई, मालक."

"आता होऊन राह्यलं. माह्या घरी औताले मानूस नाई पाहिजे, बाजेपाशी पाहिजे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. सालदाराले जे देतो थे सारं देतो. ज्वारी, दोन लुगडे, चपलेचा जोड, वरून नगद."

"नगद कुठून देसान?"

"थे मी पाहीन."

पुढच्या बाजारी दारव्ह्याला त्यांनी एक बैल विकला. जोडीतला डावा. तेव्हापासून एक बैल त्यांचा आणि एक माझा मिळून आमची दोघांची औतं चालतात.

गावात साल करायची रीत काय आहे, तुम्हाला ठाऊक असेल. गुढी उभी राहिली की सालदार मालकाच्या घरी येतो, पान-सुपारी होते, साल ठरतं. तोंडीच. चिठ्ठी सहसा कोणी करत नाही. पण इथं पाटलाच्या ओट्यावरून आवाज आला, "सदाशिवराव, सालदारीन कोन्या कामाले ठेवून राह्यले? औताले का चुलीले?" दुसरा म्हणाला, "बायको पडली न भाऊ, घर त चालाले पाहिजे." आणि जे हसायचं ते हसले.

त्या संध्याकाळी सदाशिवराव माझ्याकडे आले. कान लाल.

"नानाजी, चिठ्ठी लेहा. साक्षीदार लावून. त्या बाईच्या नावाले डाग नाई लागला पाहिजे. उद्या कोनी काही म्हनलं त कागद तोंडावर मारता आला पाहिजे."

मी लिहिली. मला सालचिठ्ठीचा एकच नमुना येत होता, माझ्या बापाच्या वेळचा. तोच उतरवला. वळणदार अक्षरात लिहिलं: 'सालदारीण लालीबाई नेमसिंग हिनं गुढीपाडव्यापासून पुढील गुढीपाडव्यापर्यंत सदाशिवराव यांच्या घरी सालानं राहावं. मालक सांगतील ते काम करावं.'

वाचून दाखवलं तेव्हा लालीबाई म्हणाली, "मालक सांगतीन थे नाई. याडी सांगन थे."

"अवं, ते बोलत नाई न," मी म्हणालो.

"मले सांगते."

मी खोडलं आणि वर लिहिलं, 'कोकिळाबाई सांगतील ते काम करावं.' लालीबाईनं अंगठा दिला. नेमसिंगनं सही केली, मी साक्षीदार. सदाशिवरावांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवली, लग्नपत्रिकेच्या शेजारी.

तुम्हाला सांगायचं आहे ते पुढचं वर्ष. तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

लालीबाई उजाडता यायची. चूल पेटवून पाणी ठेवायची, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करायची. पाय, हात, पाठ चोळायची आणि चोळताना भांडायची. "हे बोट हालव. नाई हालत? काल हाललं होतं. माह्यापुढं नखरे नको करू, याडी." भाकरी दुधात कुस्करून भरवायची, डाव्या गालाकडून, कारण उजवीकडून सांडायची. दुपारी तिच्यापुढे मूठभर कापूस टाकायची आणि सांगायची, सरकी काढ. एका हातानं सरकी निघत नाही. महिना लागला. मग निघायला लागली. मग मांडीवर ठेवून डाव्या हातानं वाती वळायला लागली कोकिळाबाई. वाकड्यातिकड्या वाती. गल्लीतल्या सगळ्या देवघरांत त्या वर्षी त्याच जळाल्या.

बांगडीची भाषाही लालीबाईनंच बसवली. एक टक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदला. सारखं वाजवलं म्हणजे कोणीतरी या.

जखम आषाढात भरली. नव्या कातडीचा रंग कोवळ्या पानासारखा होता, असं सदाशिवराव म्हणायचे. ते पुन्हा पूर्ण दिवस वावरात राहायला लागले. संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे, एकटेच जेवायचे. आतून दोघींचा आवाज यायचा. एकीचं बोलणं आणि दुसरीचं घशातलं हूं-हूं, आणि मध्येच हसणं.

एकदा मला म्हणाले, "नानाजी, आयकून राह्यले न? चाळीस वर्सांत माह्यासोबत एवढी नाई हासली."

"तुम्ही हसवलं का कधी?"

"टाइम कुठं होता." मग म्हणाले, "आता टाइम हाये. पन तिले काय बोलावं, समजत नाई. मी म्हनतो, आज पऱ्हाटीले डवरलं. ते पाहते माह्याकडं. मंग मी भाईर येतो."

त्या साली पऱ्हाटीवर, उभ्या कपाशीवर, लाल्या रोग आला. पानं लाल झाली, बोंडं कवडीएवढी राहिली. दुसऱ्या सालाची नगद त्या वावरातून निघणार नव्हती. कोणीतरी सांगितलं की अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी सरकारचं दरमहा मानधन मिळतं. अर्ज मीच लिहिला. डॉक्टरचा दाखला, रेशनकार्ड, फोटो. फोटोसाठी कोकिळाबाईला भिंतीला टेकवून बसवलं, लालीबाई मागून धरून होती. फोटोत खांद्यावर तिची चार बोटं दिसतात.

त्या अर्जावर एकच गोष्ट अवलंबून होती: पाडव्याला लालीबाईचं साल पुन्हा होणार की नाही. नेमसिंगला वणीकडे कोळशाच्या डेपोवर काम लागलं होतं, राहायला खोलीही होती. तो तिला न्यायला निघाला होता. ती म्हणाली, "पाडव्यालोग थांब. कागद आला त मी इथंच राहीन."

तुम्ही फाल्गुनात आलात. होळीच्या आदल्या दिवशी. होळी तांड्यावरचा मोठा सण, लालीबाई दोन दिवस घरी गेली होती. म्हणून कोकिळाबाई एकटी होती, म्हणून बांगडी वाजत होती.

तुमच्याभोवती लोक जमले. पाटलाच्या ओट्यावरचे सगळे आले. तुम्ही विचारलं, "घरात कामाला कोणी आहे?" सदाशिवरावांनी त्या लोकांकडे पाहिलं. वर्षभर ज्यांचं हसणं गिळलं त्यांच्याकडे. छाती काढून म्हणाले, "हाये न, साहेब. सालदारीन हाये. सालानं. कागद हाये तसा."

मी त्यांचा सदरा मागून ओढला. त्यांना कळलं नाही. ते आत गेले आणि पेटीतून चिठ्ठी घेऊन आले. आत होते तेवढा वेळ बांगडी थांबली होती, बाहेर आले की पुन्हा सुरू झाली. त्यांनी चिठ्ठी आधी लोकांपुढे धरली, मग तुमच्या हातात दिली.

तुम्ही वाचली. म्हणालात, "अक्षर छान आहे. कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो. आणि मूर्खासारखा हसलो.

खोडलेल्या ओळीवर, 'कोकिळाबाई सांगतील ते काम करावं' या ओळीवर, तुमचं बोट थांबलं नाही. सालदारीण या शब्दावर थांबलं.

कागद आला तेव्हा पाडव्याला नऊ दिवस होते. आम्ही दोघं तुमच्या कार्यालयात गेलो. तुम्ही दौऱ्यावर होता. तीन तास बाहेरच्या बाकावर बसलो. बाकाचा एक पाय तोकडा होता, एक जण उठला की दुसरा पडायचा. शेवटी तोच कारकून जेवून आला.

सदाशिवराव म्हणाले, "साहेब, सालदार औताले असते. हे बाई माह्या बायकोले पाहते. तिच्यासाठीच त पैसे मांगून राह्यलो."

"काका, नियमात सालदार म्हणजे सालदार. सालदार ठेवणारा निराधार कसा?"

"बैल इकून ठेवली."

"ते इथं लिहिलेलं नाही." मग तो जरा जवळ सरकला, आवाज खाली केला. वाईट माणूस नव्हता. "असं करा, ती चिठ्ठी फाडून टाका. नवीन अर्ज करा, घरी कामाला कोणी नाही म्हणून. चौकशी पुढच्या वर्षी लागेल, पण होऊन जाईल."

"चिठ्ठी फाडू?"

"मग काय. कागदच नाही तर सालदार कुठला?"

सदाशिवरावांनी टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. काचेखाली कोणत्या तरी देवाचा फोटो होता.

"चिठ्ठी फाडली," ते म्हणाले, "त मंग थे बाई माह्या घरी वर्सभर कायले येत होती, हे कोन सांगन लोकाईले?"

"लोकांचं काय घेऊन बसलात."

"तुमाले नाई बसा लागत, साहेब. त्या ओट्यापुढून थे बाई जाते."

घरी आल्यावर लालीबाईला सांगितलं. ती कोकिळाबाईचे केस विंचरत होती. फणी न थांबवता म्हणाली, "फाडा. लोक त बोलतच राह्यते. माहं काय झिजते?"

"नाई."

"काहून नाई?"

"तुह्या नावाले डाग लावून बायको सांभाळली म्हनतीन. तसं नाई सांभाळली मी. कामाचं दाम देऊन सांभाळली."

कोकिळाबाईनं डावा हात उचलला. दोघांना वाटलं पाणी पाहिजे. तिनं तो हात नवऱ्याच्या हातावर ठेवला, थोडा वेळ, आणि परत लाकडावर नेला. वाजवला नाही.

दुसरा बैल विकायची गोष्ट सदाशिवरावांनी काढली. लालीबाईच म्हणाली, "मंग पेराल कायनं? आन याडीले खाऊ काय घालसान?" एक वर्ष बिनपैशाची राहते, असंही ती म्हणाली. ते तिनं एकदाच म्हटलं. नेमसिंग दारात उभा होता. सदाशिवराव म्हणाले, "फुकट नाई."

पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या. सदाशिवरावांनी उभी केली नाही. लालीबाईनं सकाळी तेल चोळलं, भाकरी भरवली, कूस बदलली, तोंड दाराकडे केलं. सालाचं राहिलेलं दुसरं लुगडं तिला दिलं होतं, ते नेसली होती. डोक्यावरची चुंबळ काढून बाजेखाली ठेवली.

मला म्हणाली, "नानाजी, तुमची भित हाये न मंधात. ध्यान ठेवजा. एक म्हंजे पानी. दोन म्हंजे कूस."

"मालूम हाये."

"सारखं वाजवलं त..."

"मालूम हाये, लालीबाई."

ती गेली. कोकिळाबाईनं बांगडी वाजवली नाही, दिवसभर वाजवली नाही. सदाशिवराव तिच्यापुढे पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते.

आता मृग लागला आहे. पेरणी कोणासाठी थांबत नाही. सदाशिवराव पहाटे तिची कूस बदलून, पाणी पाजून वावरात जातात. घड्याळ पुन्हा गळ्यात. दोन तासांनी येणं आता जमत नाही, चार तास होतात. परवा उघड्या दारातून कुत्रं आत शिरलं, दुधभाकरीच्या वासानं बाजेपर्यंत गेलं, तिच्या हनुवटीपर्यंत. तेव्हापासून ते बाहेरून कडी लावतात. ती दाराकडे तोंड करूनच असते, पण दार बंद असतं. पाठीवरची कोवळी कातडी गेल्या आठवड्यात फुटली.

तुम्ही विचाराल, नानाजी, तुम्ही शेजारी ना? आहे. माझी बायको दुपारी एकदा जाऊन पाणी पाजते, मग पेरणीच्या कामाला जाते. मी दोनदा कडी काढून आत गेलो. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा, मला समजलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले. मी पाणी ठेवून बाहेर आलो आणि कडी लावली. माझा हिस्सा मी लिहिला आहे. सालदारीण हा शब्दही माझ्याच हातचा आहे.

हे लिहितो आहे तेव्हा सकाळचे दहा वाजले आहेत. भिंतीपलीकडे वाजतं आहे. एक नाही, दोन नाही. सारखं वाजतं आहे, तुम्ही ओट्यावर पाणी पीत होता तेव्हा वाजत होतं तसंच.

त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, आवाज कशाचा येतोय. मी आता सांगितलं. आता माझ्या विचारण्याचं उत्तर तुम्ही द्या, कागदावर, सही-शिक्क्यानिशी: त्या दाराला बाहेरून कडी कोणी लावली?